माउस चावत नाही

गेल्या मंगळवारी एका पंचविशीतल्या मुलाने माझा हात धरून माउसवर ठेवला आणि म्हणाला, "घाबरू नका आजी, चावत नाही तो."

आजी म्हटल्याचं मला काही नाही. केस पांढरे आहेत, रंगवायचा कंटाळा आहे, तेव्हा तिथे तक्रारीला जागा नाही. पण तो विनोद माझा होता! १९९६ पासून पुढची सहा वर्षं मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात 'इंटरनेटची तोंडओळख' हा वर्ग घेत होते आणि दर वर्गाला पाचव्या मिनिटाला हेच वाक्य टाकत होते. लोक हसायचे. आता तेच वाक्य माझ्या अंगावर आलं, तेव्हा हसण्यासाठी तोंडाचं नक्की काय करायचं असतं तेच मला आठवेना.

झालं होतं इतकंच की मला एका मासिकाचा जुना बांधीव खंड बघायचा होता. काउंटरवर कळलं, नव्या सभासदाला आधी ओरिएंटेशन घ्यावं लागतं. पाऊण तास, सक्तीचं. मी म्हटलं, अहो, मी स्वतः एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. "हो का? छान," असं म्हणून तिथल्या बाईंनी सहीची यादी माझ्यापुढे सरकवली. ग्रंथालयशास्त्रातली रंगनाथनांची पंचसूत्री १९३१ची, आणि तिच्यातलं चौथं सूत्र 'वाचकाचा वेळ वाचवा' हे आहे. ते मी तिथल्या तिथे ऐकवणार होते, पण तेवढ्यात पेन सापडेना.

वर्गात शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. सत्तरीचे, खिशाला दोन पेनं, मांडीवर शंभर पानी वही. नूतनीकरणाची तारीख चुकली की सभासदत्व रद्द होतं आणि पुन्हा पहिल्यापासून ओरिएंटेशन. हे गृहस्थ दर वर्षी तारीख चुकवत होते आणि यंदा त्यांचं तिसरं वर्ष होतं. ते जरा मुद्दामच चुकवत असावेत, असा मला संशय आहे.

"पहिलीच वेळ?" इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या जुन्या पेशंटने विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. खोटं नव्हतं.

"काही अवघड नाही. तो मुलगा भराभर बोलतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मी सांगतो." त्यांनी वही उघडली. "बटणांवर नावं लिहिलेली आहेत, पण लोक वाचतच नाहीत. हे एंटर. म्हणजे आत या. दाबलं की गेलात आत. हे एस्केप. म्हणजे पळा. काही गडबड झाली की हे दाबायचं आणि उठायचं."

"उठायचं?"

"उठून दुसऱ्या मशीनवर बसायचं. हे होम, घरी जा. हे एंड. ते मी दाबत नाही."

"आणि शिफ्ट?"

"बदली!" ते जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "अडतीस वर्षं नोकरी केली, बदलीचं बटण ओळखणार नाही होय? दाबून धरलं की अक्षराची बदली वरच्या जागेवर. सोडलं की परत मूळ जागी. फरक इतकाच की इथे अर्ज करावा लागत नाही."

मी गप्प बसले. शिफ्ट म्हणजे काय हे सहा वर्षांत मला इतकं स्वच्छ सांगता आलं नव्हतं.

"कंट्रोल?"

"ते आपल्या हातात नसतं. नुसतं दाबून बघा."

मी नुसतं दाबून बघितलं. काही झालं नाही.

"बघा," ते म्हणाले. "आणि हे कॅप्स लॉक. टोपीला कुलूप. आपल्या आधीचा माणूस लावून जातो, मग आपला पासवर्ड चालत नाही आणि ओरडा आपल्याला बसतो."

"अल्ट?"

त्यांनी वहीची पानं मागे उलटली. 'अल्ट = ?' अशी नोंद होती आणि तिच्यापुढे गेल्या दोन वर्षांच्या दोन तारखा. त्यांनी तिसरी घातली. "विचारायचं राहतं दर वेळी," ते म्हणाले.

मला एवढ्या मोकळेपणाने कधी 'राहिलं' म्हणता आलं नाही. शिकवणाऱ्याने सगळं येत असल्यासारखं उभं राहायचं असतं, आणि आमच्या पायाखालून तर दर सहा महिन्यांनी जमीन सरकत होती. मी टेलनेट शिकले, काळ्या पडद्यावर आकडे दाबत दुसऱ्या विद्यापीठाची ग्रंथतालिका बघायला. मग गोफर, याद्यांतून वाट काढत माहितीपर्यंत नेणारा. हा १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात जन्मला. त्याच्या आधीचा आर्ची, १९९०चा, फाइली शोधून देणारा. 'अर्काइव्ह'मधलं 'व्ह' गाळून केलेलं नाव, पण लोकांनी ते चित्रकथेतल्या पोरावरून धरलं. मग १९९२ साली कुणीतरी गोफरमध्ये शोधायला त्याच चित्रकथेतली व्हेरोनिका काढली आणि मागोमाग तिथलाच जगहेड आला. ही मंडळी गंभीर चेहऱ्याने सहकाऱ्यांना समजावून सांगायची, आणि सांगून संपेतो वेब येऊन सगळ्यांना बाजूला सारून बसलेलं. गोफरवरचं माझं चार पानी टिपण पुढे दोन वर्षं पाठकोरे कागद म्हणून वापरलं गेलं.

याहूने मात्र आमचा ऊर भरून आला होता. १९९४ साली स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी संकेतस्थळांच्या विषयवार याद्या करायला घेतल्या. म्हणजे शेवटी वर्गीकरणच की! ड्युईने १८७६ साली पुस्तकांचं तेच केलं होतं. आम्ही ग्रंथपाल एकमेकांना 'बघा, म्हटलं नव्हतं?' असं सांगत फिरलो. १९९८ साली गूगल आलं. त्यात शोधायची एक चौकट होती आणि वर्गीकरण नव्हतं. आमचं सांगत फिरणं थांबलं.

शिकवायला सगळ्यात वाईट होतं ते बूलचं तर्कशास्त्र. शोधताना 'आणि' टाकलं की उत्तरं कमी होतात, 'किंवा' टाकलं की वाढतात. घरात याच्या बरोबर उलट असतं. 'मांजर आणि कुत्रा' लिहून कमी नोंदी आल्यावर एक बाई माझ्यावर उखडल्या. "दोन मागितल्यावर कमी देता? हे कसलं गणित?" जॉर्ज बूल १८६४ सालीच गेला, तो सुटला. समोर मी होते.

आणि संकेतस्थळाच्या पत्त्यातली ती नागमोडी रेघ (~)! ती दिसली की ते कुणाचं तरी वैयक्तिक पान असण्याची शक्यता, विश्वास जपून ठेवा, असं मी बजावून सांगत असे. तिला काय म्हणतात हे विचारलं की मी "नागमोडी रेघ" एवढंच सांगत असे.

अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी, नावांची यादी पुठ्ठ्याला चिमटा लावून. २८.८ किलोबिटच्या संथ मोडेमवर एक चित्र कपाळापासून खाली उतरायचं, आणि हनुवटी येईपर्यंत माणसाची पाळी संपायची. मग त्याने माझ्याकडे बघायचं, जशी काही हनुवटी मीच दाबून ठेवली आहे. १९९६ साली हॉटमेल आलं आणि संदर्भ विभागाचं टपाल कार्यालय झालं. लोक पासवर्ड विसरायचे. न विसरणारे वाचनकक्षाच्या दुसऱ्या टोकावरून मला ओरडून सांगायचे. याच दिवसांत एका बैठकीत एका वरिष्ठांनी विचारलं होतं, आता सगळं नेटवर मिळतं तर संदर्भाला वेगळं माणूस कशाला? मी उत्तर दिलं नाही. मी त्या वेळी टेबलाखाली होते, त्यांच्याच मशीनची मोडेमची वायर खोचत.

माणूस कशाला ते सांगते. एकदा एकाने येऊन विचारलं, कुत्र्यांवरची पुस्तकं कुठे आहेत? आमच्या धंद्यात पहिल्या प्रश्नावर कपाट दाखवायचं नसतं, कारण माणूस सहसा जे विचारतो ते त्याला नको असतं. मी विचारलं, पाळायला हवीत का? नाही. जातींची माहिती? नाही. मग? मग त्याने विजारीचा पाय जरा वर केला. तासाभरापूर्वी चावला होता. त्याला पुस्तक नको होतं, दवाखाना हवा होता, आणि तोही लगेच. चौकटीत 'कुत्रा' टाकला असता तर तिने त्याला सगळे कुत्रे दाखवले असते, पाय सोडून.

या नव्या ग्रंथालयात संदर्भाचं टेबल असायला हवं तिथे एक उभा पडदा आहे. त्याच्यावर 'मी आपली काय मदत करू?' असं कायमचं छापलं आहे आणि खाली चिकटपट्टीने कागद लावला आहे: 'बंद आहे.'

"इथे काहीही टाका, सगळं मिळतं," तो मुलगा सांगत होता.

"मासिकांचे बांधीव खंड यात येतात का?" मी विचारलं.

"बांधीव म्हणजे पीडीएफ ना?"

"नाही. बांधलेले. पुठ्ठ्यात."

"ते वर विचारा."

वर मी नंतर गेले. वर कुणी नव्हतं.

पोराचा दोष नाही, हे मला कळतं. त्याला चार महिन्यांच्या कंत्राटावर पाऊण तासाचं भाषण पाठ करायला दिलं आहे. त्यात तो विनोदही कुणीतरी लिहूनच दिला असणार. पण त्या दिवसापासून मला माझ्या वर्गातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका आठवत आहेत. सगळे हसायचे तेव्हा त्या हसल्या नव्हत्या. नुसत्या माझ्या हाताखालून आपला हात काढून घेतला होता. त्यांना विनोद कळत नाही, असं मी तेव्हा धरून चालले होते.

शेवटी अभिप्रायाचा कागद आला. 'आजच्या सत्रात आपण काही नवीन शिकलात का? हो / नाही.' मी पेन 'नाही'वर टेकवलं, तोच शेजारून कुजबुज आली.

"हो करा, हो. नाही केलं की पुन्हा बसवतात."

मी 'हो'ला गोल केला. खाली दोन रेघा आखल्या होत्या: 'असल्यास, काय?'

लिहिलं, 'शिफ्ट म्हणजे बदली.'