टीव्हीच्या पेटंटची भांडणे प्रेक्षकांनीही वाचावीत

टीव्हीवर काय चालले आहे हे ओळखणाऱ्या तंत्रज्ञानाच्या पेटंटवरून कंपन्या एकमेकींना कोर्टात खेचतात, तेव्हा आपण ते व्यापाऱ्यांचे भांडण म्हणून सोडून देतो. माझ्या मते ते बारकाईने वाचायला हवे, कारण आपला टीव्ही नेमके काय टिपतो हे इतके उघडपणे क्वचितच कुठे लिहिलेले असते.

टीआरपीसाठी ‘बार्क’ ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था वाहिन्यांच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळण्याची पद्धत वापरते आणि निवडक घरांतले मीटर ती खूण ओळखते. मीटर आहे हे त्या घरांना ठाऊक असते. अनेक स्मार्ट टीव्ही मात्र पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेऊन कंपनीच्या सर्व्हरवरील, कार्यक्रमांच्या नमुन्यांच्या साठ्याशी जुळवतात, मग कार्यक्रम केबलवरून येवो की सेट-टॉप बॉक्सवरून. आमच्या दादरच्या घरी टीव्ही बसवायला आलेल्या मुलाने सगळ्या अटींवर पटापट ‘मान्य’ दाबले. आईने विचारले तेव्हा तो म्हणाला, “काकू, त्याशिवाय पुढे जातच नाही.”

अमेरिकेत ‘सांबा टीव्ही’ या नावाने व्यवसाय करणारी फ्री स्ट्रीम मीडिया आणि तिची प्रतिस्पर्धी कंपनी अल्फोन्सो यांच्यात असाच वाद झाला. टीव्हीवर काय पाहिले जाते त्यावरून फोनवर जाहिरात दाखवण्याच्या पद्धतीचे पेटंट २०२१ मध्ये तिथल्या, पेटंटची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने अपात्र ठरवले. पाहण्याच्या माहितीवरून जाहिरात निवडणे ही निव्वळ अमूर्त कल्पना आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मला हा निर्णय पटतो. यंत्राच्या नव्या रचनेला संरक्षण जरूर मिळावे, पण माणसावर नजर ठेवण्याच्या कल्पनेची मक्तेदारी कुणालाच नको. अर्थात त्या खटल्यात प्रेक्षक पक्षकार नव्हता. हक्क कुणाचा एवढाच प्रश्न होता, संमतीचा नव्हता.

आपल्या पेटंट कायद्यात तर आपल्याला जागा आहे. कलम ३(के) नुसार केवळ गणिती सूत्र, व्यवसायपद्धती किंवा अल्गोरिदम यांना पेटंट मिळत नाही. अर्जात शोधाची कार्यपद्धती पूर्णपणे उलगडून सांगावी लागते, आणि अर्ज प्रसिद्ध झाल्यावर, पेटंट मिळण्याआधी, कलम २५(१) खाली कोणतीही व्यक्ती कायद्यातल्या कारणांवर हरकत घेऊ शकते. पेटंट कार्यालयाची मुंबई शाखा आपल्याच अँटॉप हिलला आहे. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने असे अर्ज नियमित वाचून त्यांचा सार मराठीत मांडावा आणि गरज पडेल तिथे हरकत नोंदवावी. वकील व इंजिनिअर मित्रांपैकी कुणी सोबत येणार असेल तर कळवा. अर्ज शोधून वाचायचे काम मी घेतो.