माझाच फोटो, भीमाच्या नावावर

आज सकाळी दात घासताना शाळेच्या ग्रुपवर माझाच फोटो मला फॉरवर्ड होऊन आला. इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या डिएंग पठारावरचं अर्जुनाचं देऊळ, मागे धुकं, उजव्या कोपऱ्यात माझ्या मित्राच्या निळ्या कानटोपीचा गोंडा. गोंडा दिसला म्हणून ओळखला. खाली मजकूर : ‘५,००० वर्षांपूर्वी भीमाने एका रात्रीत बांधलेले मंदिर. मुस्लिम देशात आजही उभे. सगळे आपलेच होते! अभिमान असेल तर पुढे पाठवा.’ त्याखाली २७ जणांनी हात जोडलेले. चहा गार झाला माझा.

आधी ते ५,००० वर्षांचं मिटवू. ही देवळं साधारण सातव्या-आठव्या शतकातली, शंकराची. तिथं सापडलेला शिलालेख इ.स. ८०९ च्या सुमाराचा, आणि तो जुन्या जावानीज भाषेत आहे. मूळची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. अर्जुन, भीम, सुभद्रा ही नावं तिथल्या लोकांनी फार नंतर दिली. १८१४ मध्ये एका अधिकाऱ्याला ती दिसली तेव्हा तळ्याच्या पाण्यात उभी होती. भीम कुठून आला मध्ये? (बरं, गावातलं प्रत्येक जुनं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं हे आपणही सांगतो. तेवढं मात्र खरंच सारखं आहे.)

पण माझा राग तारखेवर नाही. राग ‘सगळे आपलेच’वर आहे. कारण तो शब्द मी तिथं दिवसभर ऐकलाय.

गेल्या जुलैत आम्ही पाच जण वोनोसोबोला राहिलो होतो. डोंगरातलं थंड गाव, आजूबाजूला ज्वालामुखी. पहाटे तीनला गाडी निघाली. ड्रायव्हर साठीचे, आम्ही त्यांना ‘पाक’ म्हणत होतो, म्हणजे काका. डिएंग दोन हजार मीटरच्या वर. तिथून सेम्बुंगान, जावातलं सगळ्यात उंचावरचं गाव म्हणतात, आणि मग टॉर्च घेऊन सिकुनीरची चढण. वर पोचलो तेव्हा नाकाचा शेंडा माझा आहे की नाही कळत नव्हतं. सूर्य आला तो सिंदोरो ज्वालामुखीच्या बाजूने, खाली ढगांचा नुसता कापूस. आमच्यापैकी एक (तो हे वाचतोय, म्हणून नाव घेत नाही, गोंडेवाला म्हणू) लगेच, ‘सिंदोरो! सिंदूर! शब्द आपलाच.’

उतरताना उभ्या डोंगरावर बटाट्याचे वाफे. पाक सांगत होते, की या दिवसांत कधीकधी पहाटे दव गोठतं आणि बटाट्याचं पीक जळतं. त्या दवाला म्हणतात ‘एम्बुन उपास’. गोंडेवाला उडालाच : ‘उपास! बघ, हाही आपलाच.’ पाक म्हणाले, ‘उपास म्हणजे विष.’ आमच्यातल्या संकष्टीवाल्या वहिनी हसून हसून रस्त्यातच बसल्या.

तोवर गंमत होती. देवळांपाशी मात्र मला ते बोचायला लागलं. अर्जुनासमोर एक बसकं देऊळ आहे, सेमारचं. हा सेमार कोण, म्हणून मी विचारलं. पाकांचा चेहराच खुलला. सेमार म्हणजे पांडवांचा सेवक, ढेरपोट्या, विनोदी, आणि खरं तर देव. राजेही त्याच्यापुढे मान झुकवतात. आपल्या महाभारतात हा माणूस नाहीच. त्यांचा आहे, संपूर्ण त्यांचा. मागून आवाज आला, ‘विदूषक. संस्कृत नाटकातून उचललाय.’ अरे, ऐकून तरी घे!

शेजारी श्रीकांडीचं देऊळ. म्हणजे आपला शिखंडी. आपल्याकडे हा शब्द कसा वापरतात सांगायला नको, विधानसभेपासून नाक्यापर्यंत. जावात श्रीकांडी ही अर्जुनाची बायको, धनुर्धर, शूर. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाला आयुष्यातलं पहिलं पदक मिळालं ते तिरंदाजीत, तीन मुलींना, आणि त्या मुलींना देश श्रीकांडी म्हणतो. आपण ज्या नावाची शिवी केली त्याचा त्यांनी किताब केला. आता सांगा, हे ‘आपलंच’ कसं?

आणि मग ते जेवण. मी कितीही इकडेतिकडे गेलो तरी त्या टेबलाशीच येणार आहे.

परत वोनोसोबोत येऊन मी ओंकलोक खायला बसलो. नूडल्स, कोबी आणि पातीसारखी एक भाजी बांबूच्या छोट्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात बुचकळतात; ती टोपली म्हणजे ओंकलोक. वरून दाट, चिकट, गोडसर रस्सा. त्यात सुकट असते. माझ्यासारख्या कुडाळच्या माणसाला तो वास आला आणि डोळेच मिटले. सोबत पिठात तळलेलं टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. पाक आमच्याबरोबर बसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागले, की धाकट्या भावाच्या सुंतेला वडिलांनी वायांग ठेवला होता. चामड्याच्या बाहुल्या, पांढरा पडदा, मागे दिवा. दालांग, म्हणजे सूत्रधार, रात्रभर एकटा सगळ्यांचे आवाज काढत होता. घटोत्कचाच्या मरणाला आजी रडली. सुंता आणि घटोत्कच, एका मांडवात, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

गोंडेवाल्याने टेम्पेचा तुकडा मोडला आणि मोठ्या मायेने म्हणाला, ‘काका, हे सगळं आमच्याकडून आलंय तुमच्याकडे.’

पाक हसले. ‘हो हो, इंडियातून.’ मग अगदी सहज, काही कुत्सित नाही, खरंच उत्सुकतेने विचारलं : ‘तुमच्या गावात दालांग कोण आहे?’

पाच जण. पाच उच्चशिक्षित, देशाभिमानी, मराठी माणसं. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. वहिनी म्हणाल्या, ‘आमच्याकडे टीव्हीवर लागतं.’ मी म्हणालो, ‘आमच्याकडे हा प्रकार नाही.’

नाही! आणि मी कुडाळचा! माझ्या घरापासून पिंगुळी सायकलवर किती? राऊळ महाराजांच्या मठात मी शंभरदा प्रसाद घेतलाय. त्याच पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवून रामायण सांगतात, कळसूत्री करतात, चित्रकथी करतात. परशुराम गंगावणेंना २०२१ ची पद्मश्री त्याच्यासाठीच मिळाली. त्यांनी आपल्या गोठ्यातच या कलेचं संग्रहालय केलं. त्या बातमीला मी लाइक ठोकलं होतं हो, ‘कोकणची शान’ असं लिहिलंही होतं! आणि पावणेपाच हजार किलोमीटरवर एक म्हातारा माणूस विचारतो तेव्हा मी म्हणतो, आमच्याकडे नाही. वोनोसोबोच्या हॉटेलात रात्री अंथरुणात पडल्यावर आठवलं. थंडीपेक्षा त्याने जास्त कुडकुडलो.

मान्य, शंकर इथूनच तिकडे गेला, लिपी गेली, पांडव गेले. कोण नाही म्हणतंय? पण गेल्यावर हजार-बाराशे वर्षं त्यांना जेवूखाऊ घातलं कुणी? मुलगी लेकुरवाळी झाली तरी माहेरचे दारात उभे राहून ‘आमचीच आहे हो’ म्हणत बसले तर सासरचे काय म्हणतील?

आता लिहिता लिहिता गोंडेवाल्याबद्दल जरा वाईट वाटतंय. कारण खरं सांगायचं तर त्या दिवशी अर्जुनाच्या देवळापुढे बूट काढणारा तो एकटाच होता. जमीन बर्फासारखी होती. बाकीचे आम्ही बूट घालून फोटो काढत होतो. आत गाभाऱ्यात डोकावून तो पुष्कळ वेळ उभा राहिला, आणि बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते. ‘कुणीतरी इथं रोज दिवा लावत असेल ना रे,’ एवढंच म्हणाला. परक्या मुलखात ओळखीचं काही दिसलं की माणूस ‘आपलं’ म्हणतोच. मीही सुकटीच्या वासाला तेच केलं की. भीमाच्या देवळाच्या छपरातल्या कोनाड्यांतून दगडी तोंडं बाहेर डोकावतात, ती बघून मला गिरगावातली चाळ आठवली. ते चालतं, आणि त्याचं ‘आपलं’ चालत नाही? ठीक आहे, हा मुद्दा तुमचा.

पण तो फॉरवर्ड! त्यात ना बूट काढणारा आहे, ना पाक आहेत, ना सेमार. माझ्याच फोटोतून सगळी माणसं काढून टाकली आणि ‘मुस्लिम देशात आजही उभे’ एवढं चिकटवलं. आजही उभं आहे कारण तिथले लोक ते राखतात, बाबांनो. आमच्याच एका गावातल्या वीरगळांवर लोक कपडे धुतात ते मी बघितलंय.

ग्रुपवर लिहायला घेतलं होतं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग सोडून दिलं आणि आईला फोन लावला. म्हटलं, गो आये, पिंगुळीच्या बाहुल्यांचो खेळ मी कधी बघूकच नाय. दिवाळीक येतंय तेव्हा जाऊया.

आई म्हणाली, ‘बघूक नाय कसो? मीच तुका नेललंय. रावणाचा तोंड बघून रडलस, आणि मगे माज्या मांडयेर झोपलस.’