बारा-तेराचा पाना

उजव्या हाताच्या तीन बोटांची सालं निघालेली आहेत, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताने टाइप करतोय. चुका झाल्या तर सी विंगमधल्या काकांना विचारा.

काम एवढंसं होतं. आमची मारुती ८०० सकाळी सुरू झाली की डुकराचं पिल्लू पकडल्यासारखी किंचाळते. पट्टा सैल झालाय. त्या पट्ट्यावर फिरून गाडीसाठी वीज तयार करतो त्या अल्टरनेटरचा एक बोल्ट ढिला करायचा, अल्टरनेटर जरा मागे ओढायचा, बोल्ट परत आवळायचा. दहा मिनिटं. फक्त हा बोल्ट आठ वर्षं रत्नागिरीत सासऱ्यांच्या अंगणात, समुद्राचा वारा खात बसलेला होता. स्टीलचा बोल्ट, तो ज्यात बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा कान आणि मध्ये खारा दमटपणा. दोन वेगळे धातू आणि खारं पाणी म्हणजे बारीकशी बॅटरीच. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि आट्यांत चुन्यासारखी ठासून बसते. हे मला आता माहीत आहे. रविवारी सकाळी माहीत नव्हतं.

रविवारी माझ्याकडे होता पान्यांचा डबा. दहा-अकराचा, बारा-तेराचा. पान्यांचे आकडे ज्याने ठरवले त्याला आपल्याकडचे विधी माहीत असणार. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा, सगळी सोय एका डब्यात. आमच्या बोल्टला बाराचा लागतो.

पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं की माणसं कशी जमतात यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. बंद बॉनेटकडे कुणी ढुंकून पाहत नाही. उघडलं की दूधवाला थांबतो, इस्त्रीवाला थांबतो, वॉचमन तर गेट सोडून येतो. कुणी म्हणत नाही, ‘बॅटरी धरू का?’ सगळे आत वाकतात आणि नेमका उजेड अडवतात.

काका मात्र खुर्ची घेऊन आले. घडीची, निळ्या पट्ट्यांची. सरकारी नोकरीत सारा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेला, तर आता निवृत्तीनंतर काही थांबायचे नाहीत. बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “किती वेळ झाला?”

“वीस मिनिटं.”

“कुठल्या बाजूला फिरवताय?”

“डावीकडे. उघडायचं म्हणजे डावीकडेच ना, काका.”

काकांनी इतक्या दयेने पाहिलं की माझ्या हातातला पाना खाली आला. “सायकलचं डावं पायडल कधी काढलंय?”

“नाही.”

“उलटे आटे. टेबल फॅनचं पातं?”

“ते काढलंय.”

“त्याची टोपी कशी फिरते? उलटी. गॅस वेल्डिंगच्या अ‍ॅसिटिलीनच्या सिलिंडरचं? उलटं. जे जे फिरतं त्याचे आटे उलटे. आता सांगा, तुमचा तो अल्टरनेटर फिरतो की नाही?”

“अल्टरनेटर फिरतो, काका, पण हा बोल्ट कुठे फिरतो?”

“तेच तर तुमचं दुखणं आहे!”

इस्त्रीवाला हसला. वॉचमननेही मान डोलावली. सिलिंडरची भर तर त्यांनी उगाच घातली होती, पण हिशेबात एखादं खरं व्हाउचर जोडलं की खोटंही पास होतं, हे त्यांना माहीत असणारच. त्यांची तिन्ही उदाहरणं खरी आहेत. मी रात्री शोधून पाहिलं. माणूस खोटं बोलला असता तर निदान चिडता तरी आलं असतं.

त्याआधी मी तो पिवळ्या-निळ्या डब्यातला फवारा मारून पाहिला होता. डब्ल्यूडी-४०, जाम झालेलं सुटावं म्हणून मारतात तो. हा १९५३ साली अमेरिकेत, सॅन दिएगोत तयार झाला, क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून. नावातला चाळीस म्हणजे चाळिसावा प्रयत्न. आधीच्या एकोणचाळीस प्रयत्नांत त्या लोकांच्या डोक्याशी कुणी खुर्ची टाकून बसलेलं नव्हतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

तर मी उजवीकडे फिरवला. का फिरवला, हे बायको रविवारपासून विचारतेय. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही, हे एक कारण. दुसरं, वीस मिनिटं डावीकडे जोर लावून काही झालं नव्हतं. पान्याला पाइप अडकवला आणि अंगाचा भार टाकला. आधी काहीच नाही. मग बोल्ट हलला. हलला म्हणजे अगदी मऊ, लोण्यातून सुरी जावी तसा पाव फेरा आला.

“म्हटलं होतं की नाही!” काका खुर्चीतून उठले.

लोखंड लोण्यासारखं लागलं की ते सुटत नसतं, तुटत असतं. हेही मला आता माहीत आहे. टक् आवाज झाला, पाना सुटला, हात रेडिएटरच्या जाळीवर घासत गेला आणि बोल्टचं डोकं टणटणत जाऊन काकांच्या चपलेपाशी थांबलं.

काकांनी ते उचललं, उजेडात धरलं, फिरवून पाहिलं. “निम्मा निघाला,” म्हणाले. आणि खुर्ची मिटून पोह्यांना गेले.

‘लागलं का?’ नाही. ‘अरेरे’सुद्धा नाही. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीचा मेसेज आला की पार्किंगमध्ये ऑइल सांडणाऱ्यांनी फरशी स्वतः पुसावी. त्याखाली पहिला अंगठा काकांचा.

सोमवारी रजा टाकली, अल्टरनेटर पिशवीत घालून रिक्षाने वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने तुटक्या तुकड्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंग मारलं. वेल्डिंग स्टीलला धरतं, अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, आणि तापल्यावर जाम सुटतो. पाना लावला, थोडा मागे-पुढे डुलवला, आणि डावीकडे फिरवून तुकडा बाहेर काढला. चहा गार व्हायच्या आत. माझ्या हाताच्या पट्ट्यांकडे पाहून त्याने विचारलं, “कुणी आवळला काय हा?”

“आधीच्या मेकॅनिकने,” मी म्हणालो.

परत येताना हार्डवेअरच्या दुकानात नवा बोल्ट मागितला. मालकाने खोक्यातून काढून काउंटरवर ठेवला. पैसे दिले, बोल्ट खिशात टाकला, दोन पायऱ्या उतरलो आणि परत वर गेलो.

“हा सुलट्या आट्यांचाच आहे ना?”

मालकाने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं, मागच्या पोऱ्याला हाक मारली आणि म्हणाला, “इकडे ये रे. साहेब काय विचारतायत, ऐक.”