आधी सूक्ष्मदर्शक, मग फोन

हापूसच्या मोहोरावरचा रोग फोनवरून ओळखायचा की नाही, यावर गावाकडे सध्या जोरात वाद आहे. राज्याने 2025 मध्ये कृषी-एआय धोरण मंजूर केल्यापासून काहीजण म्हणतात, फोटो काढा, औषध कळेल. बाकीचे म्हणतात, कलमं आम्ही जन्मभर बघतोय, यंत्र काय शिकवणार? मी नेदरलँड्समध्ये वनस्पती रोगशास्त्रात काम करते, पिकांचे रोग यंत्राला ओळखायला शिकवते, आणि मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात.

2016 च्या एका गाजलेल्या संशोधनात यंत्राने 99 टक्क्यांहून अधिक अचूक ओळख दाखवली. 54 हजारांवर फोटो, 14 पिकं. त्यात आंबा नाही, काजू नाही, सुपारी नाही, भातसुद्धा नाही. पानं साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेले ते फोटो. दुसरीकडचे फोटो दाखवल्यावर अचूकता 31 टक्क्यांच्या आसपास घसरली, हे संशोधकांनीच लिहिलंय. जाहिरातीत मात्र 99 चाच आकडा येतो, याचा मला राग येतो.

देवगडच्या बागेत मोहोर काळा पडला, तर तो कशाने? तुडतुडे हे छोटे किडे रस शोषून चिकटा, म्हणजे गोड चिकट द्रव, सोडतात, त्यावर काळी बुरशी धरते; तिथे आधी तुडतुडा आवरायला हवा. करपा हा बुरशीजन्य रोग असेल तर बुरशीनाशक हवं. घाईत काढलेल्या फोटोत दोन्ही काळंच दिसतं. चुकीची फवारणी झाली की पैसा जातो आणि मोहोरही हाती राहत नाही.

इथे नेदरलँड्समध्ये बटाट्याच्या करप्यासाठी हवामानावरून इशारे मिळतात, पण टाकाऊ बटाट्यांचे ढीग झाकायची सक्तीही आहे, कारण त्यांवरच्या रोगाचे बीजाणू वाऱ्याने शेजाऱ्याच्या शेतात जातात. सपाट शेतांवरची ही व्यवस्था आपल्या कोकणातल्या कातळउतारांवर जशीच्या तशी बसणार नाही. तिथे कित्येक बागा कराराने दिलेल्या, मालक मुंबईत. शेजारच्या बागेत भुरी (मोहोरावरची पांढरी बुरशी) आली, तर कोणी कोणाला कळवायचं?

म्हणून धोरणातला पहिला पैसा माणसांवर जावा. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्या जोडीने, मोहोराच्या हंगामात प्रत्येक तालुक्यात बागोबाग फिरणारा रोगतज्ज्ञ हवा. त्याने सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेलं निदान प्रत्येक फोटोसोबत नोंदलं जावं, आणि आजूबाजूच्या बागायतदारांना त्याच दिवशी कळवलं जावं. यंत्राला शिकवायचे फोटो त्यातूनच मिळतील.