टॉल्किन हिटलरभक्त नव्हता, आणि ते पुस्तक कपाटावरून खाली काढा

परवा रात्री ताईचा कोथरूडवरून फोन. सोसायटीच्या ग्रुपवर टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ह्या कादंबरीबद्दल एक मेसेज फिरतोय आणि तो वाचून भाऊजींनी भाचीचं पुस्तक उचलून कपाटावर टाकलं. पोरगी नववीत आहे, तिन्ही सिनेमे बघून झाल्यावर हट्टाने ते जाडजूड इंग्लिश पुस्तक वाचायला घेतलेलं, तीनशेएक पानं झालीसुद्धा होती. मी मेसेज मागवून घेतला. त्यात लिहिलंय की 'टू टॉवर्स' म्हणजे न्यूयॉर्कचे पडलेले मनोरे, हत्तीवरून येणारे शत्रू म्हणजे आपण भारतीय, बायकांना त्यात काही कामच नाही आणि लेखक टॉल्किन हा आर्यवंशाचा माज असलेला हिटलरभक्त. खाली 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोचवा'. आणि लोक पोचवतायत!

मनोऱ्यांचं आधी उरकतो. 'द टू टॉवर्स' हा त्या कादंबरीचा दुसरा भाग, नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. दिग्दर्शक पीटर जॅक्सनने तिन्ही सिनेमांचं मुख्य शूटिंग न्यूझीलंडमध्ये एकत्रच केलं, ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २०००. मनोरे पडले सप्टेंबर २००१ मध्ये. तारखा शोधायला दोन मिनिटं लागतात हो, तेवढी तरी घ्यायची.

आता हिटलर. मला राग आलाय तो ह्याचाच, कारण भाऊजींनी पुस्तक उचललं ते ह्या एका ओळीमुळे. १९३८ मध्ये एका जर्मन प्रकाशनाला टॉल्किनचं आधीचं पुस्तक 'हॉबिट' जर्मनमध्ये काढायचं होतं आणि नाझी कायद्यांच्या धाकाने त्यांनी त्याला विचारलं की तुम्ही आर्य आहात ना. ह्याने आपल्या इंग्लिश प्रकाशकाकडे उत्तराचे दोन मसुदे पाठवले, त्यातला जो आज वाचायला मिळतो त्यात तो सरळ म्हणतो की आर्य म्हणजे इंडो-इराणी, आणि माझ्या माहितीत माझ्या कुठल्याच पूर्वजाने हिंदुस्तानी किंवा फारसी बोललेलं नाही, आणि तुम्हाला मी ज्यू आहे का हे विचारायचं असेल तर त्या गुणी लोकांपैकी कोणी माझा पूर्वज नाही ह्याचं मला वाईट वाटतं. भाषाशास्त्राचा प्राध्यापक होता तो, 'आर्य' शब्दाची नाझींनी केलेली नासाडी त्याला सहन होत नव्हती. १९४१ मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रातही हिटलरबद्दल तो असाच चिडून बोलतो. ही पत्रं १९८१ पासून पुस्तकात छापलेली आहेत, कोणीही वाचावीत. ह्या माणसाला हिटलरभक्त म्हणायचं आणि तेही चौदा वर्षांच्या पोरीचं वाचन बंद करण्यासाठी? हा खोटेपणा आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

हत्तींबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतंय, मनात नसतानाही. ते हराद्रिम लोक दक्षिणेकडून येतात, भारतीय वगैरे कुठेही म्हटलेलं नाही, पण सिनेमात नायक सगळे गोरे आणि डोकी-चेहरे गुंडाळलेले परके लोक शत्रूच्या बाजूला, हे दिसतंच. टॉल्किनचंही १९५८ मधलं एक पत्र आहे, सिनेमाच्या एका प्रस्तावावर लिहिलेलं, त्यात ऑर्कांचं (गोष्टीतले शत्रूचे राक्षसी शिपाई) वर्णन करताना त्याने मंगोल चेहऱ्यांबद्दल जे लिहिलंय ते मला अजिबात पटत नाही आणि मी त्याचा बचाव करणार नाही. पण मग त्याच पुस्तकात नायकाचा सोबती सॅम मेलेल्या हराद सैनिकाकडे बघून विचार करतो की ह्याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता की कोणीतरी खोटं सांगून, धमकावून ह्याला घरापासून इतक्या लांब आणलं, तेही वाचा ना. सिनेमात हे बोलणं फारामिर नावाच्या सेनानीच्या तोंडी दिलंय, पण फक्त लांब आवृत्तीत, थिएटरमध्ये लागली त्यात ते नव्हतं. ते कापायला नको होतं, ही जॅक्सनबद्दलची माझी खरी तक्रार आहे.

बायका कमी आहेत, खरंय. पण कुठल्याच पुरुषाच्या हातून न मरणाऱ्या त्या विच-किंगला, शत्रूच्या सेनापतीला, राजाची भाची एओविन मारते, आणि एल्फ राजकन्या आर्वेनचं काम तर सिनेमाने पुस्तकापेक्षा वाढवलंय.

भाऊजी, हे तुम्हाला वेगळं पाठवलंय. पुस्तक आजच्या आज खाली काढा. भाची गोष्टीतल्या मोरियाच्या, डोंगराखालच्या जुन्या नगरीच्या, बंद दारापाशी थांबलीये, दार कसं उघडतं ते तिला सिनेमामुळे माहितीये, पण पुस्तकात ते कसं लिहिलंय ते तिला वाचायचंय.