पासवर्ड मेलमध्येच लिहून पाठवता, आणि वर ‘सुरक्षित’ म्हणता?

‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ हे शब्द वाचले की हल्ली डोकंच फिरतं. दर महिन्याला बँकेचं स्टेटमेंट मेलवर येतं, पीडीएफला पासवर्ड. आणि पासवर्ड काय, ते त्याच मेलच्या खाली लिहिलेलं: नावाची पहिली चार अक्षरं, पुढे जन्माची तारीख आणि महिना. वर ‘प्रिय’ म्हणून माझं अख्खं नाव! म्हणजे मेल ज्याच्या हाती लागला त्याला चार अक्षरं आयतीच मिळाली. उरले वर्षाचे दिवस, २९ फेब्रुवारी धरून ३६६. एटीएम काही चुकांनंतर कार्ड अडवतं; पीडीएफ कोणाला अडवत नाही. फाईल उतरवून घ्या आणि हवे तितके पासवर्ड घालून बघा. साध्या लॅपटॉपला हे काही सेकंदांचं काम.

आणि एन्क्रिप्शन, म्हणजे फाईलला लावलेलं गणिती कुलूप, काही वाईट नाही हो! पीडीएफमध्ये वापरतात ते एईएस नावाचं कुलूप २००१ पासून अमेरिकेचं सरकारी मानक आहे, अजून कोणी ते सरळ फोडलेलं नाही. पण ते उघडतं पासवर्डने. पासवर्डच ३६६ पैकी एक असेल तर त्या सगळ्या गणिताचा काय उपयोग?

परवा फोंड्याला झेरॉक्सच्या दुकानात होतो. एका आजींनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्टेटमेंट पाठवलं. दुकानदार विचारतो, “मावशी, पासवर्ड कितें?” बिचाऱ्यांनी रांगेतल्या सगळ्यांसमोर नाव आणि जन्मतारीख मोठ्याने सांगितली. त्याने ती पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतली. फाईल त्याच्या डाउनलोड्समध्ये, इतरांच्या आधार कार्डांच्या शेजारी. त्याचा काय दोष? गिऱ्हाइकाचं काम तर करायला हवं. ई-आधारचीही तीच तऱ्हा: नावाची चार अक्षरं, जन्माचं वर्ष. शंभरेक वर्षं तपासली की उघडलं.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. जन्मतारीख कुठून बदलायची? आणि फोन केला की ओळख पटवायला हीच जन्मतारीख विचारतात!

याच बँकेच्या नेटबँकिंगमध्ये शिरायचं तर कॅपिटल हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, वर ठरावीक दिवसांनी बदला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की पासवर्ड फुटल्याची शंका नसताना उगाच बदलायला लावू नका, लोक मग सोपे पासवर्ड ठेवतात. आमच्याकडे तो जाच चालूच. आणि वर्षभराचे व्यवहार मात्र वाढदिवसाच्या भरवशावर मेलने पाठवायचे!

शाखेत विचारलं तर उत्तर, “सिस्टीममधून तसंच येतं.” मग सिस्टीम बदला ना! स्टेटमेंटचा पासवर्ड मला ठरवू द्या, लांबलचक ठेवतो. ते जमत नसेल तर फाईल मेलवर पाठवूच नका, नेटबँकिंगमधून आमची आम्ही उतरवून घेऊ. आणि त्या आजींना शाखेतच छापून द्या, एका कागदासाठी त्यांना झेरॉक्सच्या रांगेत उभं करू नका.