करड्या डब्याचा मानकरी

सिव्हिलला कशासाठी गेलो होतो ते विचारू नका; आजींनी विचारून झालंय.

आमच्याकडे त्वचारोग आणि गुप्तरोगांची ओपीडी एकच. त्यामुळे बाकावर माझ्या शेजारी गजकर्णवाल्या आजी.

"तुला कुठं हाय रं?"

"असंच, जरा खाज."

"मग दाखव की! मी काय परकी हाय?"

मी कोपर पुढे केलं. आजींनी ते चष्म्यातून उलटंसुलटं तपासलं. "हितं तर काय बी न्हाई. लबाड बोलतोस." मग कडुलिंबाचा पाला लाव, वांगं बंद कर, आणि बायकू कुठाय? लग्न व्हायचंय म्हटल्यावर आजींच्या डोळ्यांत सरळ नातीचं स्थळ चमकलं.

आतलं सगळं चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? समुपदेशक ताईंनी दार लावून घेतलं, कपाळाला आठी न घालता नको ते सगळं विचारलं, एचआयव्ही चाचणीआधी संमतीची सही घेतली. सिफिलिससाठीही रक्त गेलं. पैसे शून्य. एचआयव्हीचा रिपोर्ट गुप्त ठेवायला तर २०१७ चा कायदाच आहे. पण बाहेर मावशी आडनावासकट नाव पुकारतात, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं, त्याला कुठला कायदा? स्टेशनच्या मुतारीत 'खात्रीशीर इलाज' चिकटवणाऱ्या भोंदूकडे लोक उगाच जात नाहीत. तो लुबाडतो, पण नाव विचारत नाही.

मग औषधाची खिडकी. गुप्तरोगाच्या औषधांची सरकारी किटं, म्हणजे डबे, रंगावरून ओळखतात. माझं एक नंबरचं, करडं. आत ॲझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम. जोडीदारानेही गोळ्या घ्यायच्या, नाहीतर दुखणं फिरून आपल्याकडेच येतं. म्हणून डबे दोन. आजींच्या हातात एक चपटी ट्यूब.

"ह्याला दोन डबं, अन् मला ही एवढीशी? माझं गजकरण चार वर्सांचं हाय!"

"आजी, तो डबा तुमच्यासाठी नाही," खिडकीतून उत्तर.

"का? म्हातारी म्हणून?" आजी माझ्याकडे वळल्या. "दे रं एक, तुज्याकडं दोन हायती."

"एक दुसऱ्याचा आहे, आजी."

"कुनाचा?"

नातीचं स्थळ तिथेच मोडलं. तरी आजींनी डबा सोडला नाही. शेवटी खिडकीतला माणूस वैतागून ओरडला, "अहो आजी, तो गुप्तरोगाचा आहे!"

माझ्या मागचा गृहस्थ झटकन दोन पावलं मागे सरकला. त्याच्या चिठ्ठीवर खरजेचं मलम लिहिलेलं होतं. अंगाला अंग लागून पसरते ती खरूज, आणि सरकला तो!